उद्याचा प्रश्न : एका पॉप गीताची घडण

लोकप्रिय गीताला ‘कारखान्यातला माल’ म्हणून बाजूला सारण्याची समीक्षेची सवय जुनी आहे, आणि आम्हीही तिला अपवाद नव्हतो. शिरेल्स या चार कृष्णवर्णीय तरुणींच्या गायिकावृंदाचे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे १९६० सालचे गीत लक्षपूर्वक ऐकल्यावर मात्र तो शेरा अपुरा वाटू लागला. कारखाना होता, हे खरेच. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील १६५० क्रमांकाच्या इमारतीत ‘आल्डन म्युझिक’ ही संगीत-प्रकाशनसंस्था होती आणि तिच्यासाठी तरुण गीतकार-संगीतकार जोड्या मागणीनुसार गाणी रचीत. कॅरोल किंग अठरा वर्षांची, एका तान्ह्या मुलीची आई. पती जेरी गॉफिन एकवीस वर्षांचा, दिवसा रसायनांच्या व्यवसायात नोकरी करणारा. चाल तिची, शब्द त्याचे.

गीताची निवेदिका एक तरुण मुलगी आहे. रात्र आहे, प्रियकर जवळ आहे, त्याच्या प्रेमाबद्दल या क्षणी तिला शंका नाही. शंका आहे ती सकाळची. (पुरुषाने स्त्रीच्या तोंडी असे शब्द घालावेत याचे लावणीच्या अभ्यासकांना नवल वाटू नये.) आपण काय करू पाहत आहोत हे ती पुरते जाणते. त्या काळच्या रेडिओवर हे धाडसाचेच होते. अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली तीही १९६० मध्येच. पण गीत ना उपदेश करते, ना बंड पुकारते. ते फक्त विचारते.

बांधणी तशी ठरीव साच्याची : एकाच चालीची कडवी आणि मध्ये वेगळ्या चालीचा अंतरा. प्रत्येक कडवे त्याच प्रश्नावर येऊन थांबते. खरी गोम शेवटच्या कडव्यात आहे. तेथे ती सांगते की एकदाच काय ते स्पष्ट सांग, पुन्हा विचारणार नाही. आणि लगोलग तोच प्रश्न पुन्हा विचारते. वचन देता देताच ते मोडते, आणि तिची सारी अगतिकता एकाही विशेषणाविना उघडी पडते. हे कसब कवितेचेच आहे, असे आम्ही म्हणू.

चालही शब्दांच्या मागे फरफटत येत नाही. प्रियकराच्या डोळ्यांतील प्रेमाचा उल्लेख जेथे येतो, नेमक्या तेथेच साथीत मूळ स्वरांच्या चौकटीबाहेरचा एक स्वर डोकावतो आणि स्वरसंगती उजळण्याऐवजी उदास, मायनर वळण घेते. शब्द उजेडाचे, सूर सावटाचे! प्रश्न उच्चारला जाण्यापूर्वीच तो संगीताने विचारलेला असतो.

मुख्य गायिका शर्ली ओवेन्स हिला नमुन्याचे ध्वनिमुद्रण ऐकून हे ग्रामीण ‘कंट्री’ धाटणीचे गाणे आपले नव्हे असे वाटले होते. निर्माते ल्यूथर डिक्सन यांच्या ध्वनिमुद्रणात त्याचे रूप पालटले. तंतुवाद्यांची रचना किंगने स्वतः लिहिली. त्या काळी व्हायोलिने बहुधा गाण्यावर साखर पेरण्यासाठी असत. येथे ती अस्वस्थपणे धावत राहतात, जणू निवेदिकेची छातीची धडधडच. तिच्यावर ओवेन्सचा आवाज जवळजवळ सपाट, न रडणारा. कोण्या कसलेल्या गायिकेने हेच गीत आळवून आळवून गायिले असते तर ते बुडाले असते, असे आमचे मत आहे.

जानेवारी १९६१ मध्ये गीत अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. कृष्णवर्णीय गायिकावृंदाला हा मान प्रथमच मिळत होता. गॉफिनने नोकरी सोडली. पुढे दोघांचा संसार मोडला आणि १९७१ मध्ये किंगने ‘टॅपेस्ट्री’ या संग्रहात तेच गीत स्वतः, संथ लयीत गायिले. शब्द तेच; पण विचारणारी आता मुलगी राहिलेली नाही, आणि उत्तर तिला बहुधा ठाऊक आहे. शिरेल्सच्या तबकडीवर मात्र प्रश्न पुन्हा पुन्हा घोळत राहतो आणि ध्वनी हळूहळू विरत जातो.