किंचाळणाऱ्या चकतीची कुळकथा

डिस्क ब्रेक ही मोटारशर्यतींची देणगी, असा सर्वसाधारण समज आहे. १९५३ साली जग्वारने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून ल मान्सची शर्यत मारली, त्याचा हा परिणाम. पण या घराण्याचा मूळ पुरुष अर्धशतक आधीचा. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली पेटंट घेतलं ते चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीचं आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या गुटक्यांचं. गुटक्यांना अस्तर तांब्याचं. धातूवर धातू घासला की अंगावर काटा येईल असा चीत्कार निघायचा. पुढे हर्बर्ट फ्रूडच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या लायनरने तो दबला, पण कायमचा गेला नाही.

ब्रेक किंचाळतो कशामुळे? ‘पॅडवर, म्हणजे त्या गुटक्यावर, धूळ बसलीय,’ हे गॅरेजमधलं निदान कधीकधी खरंही ठरतं. इंजिनिअर मंडळी बराच काळ घर्षणाच्या स्वभावालाच दोष देत होती: सरकण्याचा वेग घटला की घर्षण वाढतं, म्हणून पॅड चिकटत-सुटत जातो. व्हायोलिनच्या गजाचं हेच होतं. पण घर्षण वेगाबरोबर बदलत नसलं, तरी ब्रेक वाजतोच. मग?

पॅडखालची चकती डोळ्यांना दिसणार नाही इतकी वरखाली होते आणि त्याच वेळी किंचित कलते. ती कलली की घर्षणाचा जोरही तिच्या पृष्ठभागाबरोबर कलतो आणि तिलाच वर किंवा खाली रेटतो. या दोन हालचालींच्या वारंवारता जुळल्या की त्या एकमेकींना चिथावतात. ताकद पुरवतं फिरतं चाक. सेकंदाला हजारो कंपनं होतात आणि सिग्नलला उभे असलेले सगळे वळून बघतात.

हा हिशेब नॉर्थ या संशोधकाने १९७२ साली मांडला तो विमानशास्त्रातल्या ‘फ्लटर’च्या, म्हणजे हवेच्या झोतात आपोआप वाढत जाणाऱ्या कंपनांच्या, धर्तीवर. गंमत अशी, की विमानाच्या फ्लटरचं पहिलं शास्त्रीय निदान १९१६ साली लँचेस्टरनेच केलं होतं! हँडली पेज बाँबफेकी विमानाची शेपटी उडताना भयंकर पिळवटायची. शेपटीवरचे डावा आणि उजवा एलिव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वरखाली करणारे हलते पंखे, स्वतंत्र हलतात, ही मेख त्याने ओळखली आणि दोन्ही एका ताठ नळीने जोडायला सांगितले. स्वतःच्या ब्रेकलाही जवळपास तोच आजार आहे, हे त्याला कुणी सांगणार तरी कसं?

ब्रेकवरचा उतारा मात्र उलटा: जुळलेल्या वारंवारतांची फारकत करायची. त्यासाठी पॅडच्या कडा तिरप्या कापतात, आणि कंपनं जिरावीत म्हणून पॅडच्या पाठीला पातळ शिम लावतात.