मोडलेली जमीन आणि खेळातला न्याय

विषय पाहून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने गोल्फवर काय बोलावं! आम्ही गिरगावच्या चाळीत वाढलो; गोल्फची काठी आम्ही कधी हातात धरलेली नाही. पण त्या खेळातल्या एका नियमामुळे मुंबईच्या इतिहासातलं एक भांडण आम्हांला नीट उमगलं. तेच आज सांगायचं आहे.

गोल्फचा मूळ दंडक असा, की चेंडू पडेल तिथूनच खेळायचा. वाट्याला खळगा आला तर खळग्यातून. ह्याला अपवाद आहे. मैदानाचा एखादा तुकडा दुरुस्तीला काढलेला असेल, समितीने तो तसा आखून दिला असेल, तर चेंडू उचलायची मुभा मिळते. त्या तुकड्याबाहेरची सर्वांत जवळची जागा शोधायची, भोकाच्या जवळ सरकायचं नाही, आणि तिथून एका काठीच्या अंतरात चेंडू सोडायचा. दंड नाही. ह्याला ‘रिलीफ’ म्हणतात. गंमत अशी, की दुसऱ्या खेळाडूच्या फटक्याने हिरवळ उखडून पडलेल्या साध्या खळीला ही सवलत नाही. समितीने ती आखून दिली तरच. म्हणजे जमीन मोडली आहे एवढं पुरत नाही. ‘मोडली आहे’ असं जाहीर करण्याचा अधिकार कुणाकडे, हा खरा प्रश्न.

हा विचार जुना आहे बरं का. १७४४ साली एडिंबरोजवळ लीथ इथे गोल्फचे १३ नियम लिहिले गेले. तेरावा नियम सांगतो, की मैदान राखण्यासाठी खणलेले चर, ‘विद्यार्थ्यांची भोकं’, ‘सैनिकांच्या ओळी’ ह्यांना अडथळा धरू नये. चेंडू बाहेर काढून खेळावा. ते मैदान काही एकट्या गोल्फवाल्यांचं नव्हतं. तेव्हा इतरांच्या वापराचा भुर्दंड एखाद्याच्या डावावर पडू नये, एवढी समज त्यात होती.

आता लीथहून आपल्या एस्प्लनेडवर येऊ. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल हे आज त्याचे उरलेले तुकडे. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना निघाला, फक्त युरोपियनांसाठी. त्यांचं क्रिकेटचं मैदान वेगळं राखलेलं. मात्र त्यांच्यातले मूठभर लोक पोलो खेळायचे ते एतद्देशीय पोरांच्या क्रिकेटच्या जागेवर. घोड्यांच्या टापांनी हिरवळ उखडायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खळग्यांत पारशी आणि हिंदू मुलांनी यष्ट्या रोवायच्या. चेंडू कुठून कसा उसळेल, भरवसा नाही.

ह्या पोरांना रिलीफ कोण देणार? त्यांनी १८८१ मध्ये सरकारकडे अर्ज केला. १८८२ मध्ये पोलो हलवण्याचा हुकूमही निघाला. पुढच्याच वर्षी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांच्या सरकारने पोलोवाल्यांना ती जागा परत दिली! ह्या लढ्यात स्वतः असलेले शापूरजी सोराबजी ह्यांनी १८९७ मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास छापला. पुस्तकाच्या नावातच त्यांनी ‘युरोपियन पोलो विरुद्ध एतद्देशीय क्रिकेट’ असं घातलं. त्यांचा मुद्दा सरळ होता: मूठभरांच्या करमणुकीसाठी शेकडोंचा खेळ का बुडावा?

पुढे दिलासा मिळाला, नाही असं नाही. पण कसा? समुद्रकाठी पारशी जिमखाना, मग १८९२ मध्ये इस्लाम जिमखाना, १८९४ मध्ये हिंदू जिमखाना. गोल्फमध्ये रिलीफ म्हणजे जवळच चेंडू सोडून तोच डाव पुढे चालवणं. इथे मोडलेली जमीन जिथल्या तिथे राहिली आणि माणसं हलवली गेली. तीही धर्माधर्माने वाटून. ज्यांचं गाऱ्हाणं एक होतं, त्यांना मैदानं तीन मिळाली. आणि धर्माचा जिमखाना नसलेल्या गिरगाव-परळच्या गरीब पोराला? त्याला तोच जुना खळगा.

जॉन रॉल्सने १९७१ मध्ये मांडलं, की आपण कुठल्या जागी असू हे ठाऊक नसताना जे नियम ठरवू, ते न्याय्य. आमच्या वाडीत हे पोरांना न वाचताच कळत होतं. चेंडू गटारात गेला तर काय, हे पहिल्या चेंडूआधी ठरायचं. कारण कुणाचा जाईल हे तेव्हा कुणालाच माहीत नसायचं. एस्प्लनेडवर नेमकं हेच झालं नाही. टापा ज्यांच्या घोड्यांच्या, नियमही त्यांच्याच माणसांचा. खळग्यात आपला चेंडू कधीच पडणार नाही, ह्याची त्यांना खात्री होती.

आजही मैदानात मंडपाचे खांब रोवले जातात, खड्डे तसेच राहतात, आणि सकाळी पोरं तिथे खेळायला येतात. ‘ही जमीन मोडली आहे’ हे जाहीर करण्याचा अधिकार त्या पोरांना आहे का, एवढंच विचारून आम्ही थांबतो.