जळूचे औषध गोचिडाला

रतनगड उतरून रतनवाडीत आलो तेव्हा ऊन कलले होते. अमृतेश्वराच्या देवळाजवळ चहा घेताना सोबतच्या मित्राने गुडघ्यामागे खाजवले आणि बोटाला काहीतरी अडकले. तिळाएवढे, काळपट, नखाने ढकलले तरी न हलणारे. गोचीड. लगेच पंचायत भरली. एक म्हणाला, "हात लावू नकोस, तेल लाव, गुदमरून सुटेल." दुसऱ्याने लायटर काढला. तिसऱ्याला मीठ आठवले, चौथ्याला तंबाखूचे पाणी. तासाभराने शेंडीला पोचलो तेव्हा मित्राच्या पायाला तेल माखलेले होते, चटक्याचा फोड आलेला होता आणि गोचीड जागच्या जागी होता.

हे मत त्या चौघांचेच आहे असे नाही. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, सांदण दरीकडे जाणारे ट्रेकर, नगरला मुक्कामी असताना पहाटे चांदबीबी महालाच्या टेकडीवर पळायला जाणारे पाहुणे, गावाकडची वडीलधारी माणसे, सगळ्यांचे यावर एकमत असते: गोचीड ओढायचा नाही, त्याला त्रास देऊन सोडायला लावायचे. इतके सार्वत्रिक मत हसण्यावारी नेणे बरे नव्हे. जुन्या शास्त्रार्थाच्या रीतीने आधी पूर्वपक्ष नीट मांडू, मग उत्तर देऊ.

पूर्वपक्षाचे म्हणणे चार मुद्द्यांचे आहे. एक, कोणताही जीव चटका बसला की पळतो, तसा गोचीडही तोंड सोडील. दोन, तेल, व्हॅसलीन किंवा नेलपॉलिशने त्याचा श्वास कोंडला की त्याला बाहेर यावेच लागेल. तीन, ओढला तर मुंडके आत राहते आणि तेच पुढे पिकते, चिघळते, विष भिनवते. चार, आणि हा सगळ्यांत भक्कम मुद्दा: "आमच्या आजीने असाच काढला होता, आणि तो निघाला होता." अनुभवापुढे शहाणपण कशाला?

उत्तराची सुरुवात गोचिडाच्या तोंडापासून करावी लागते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. डास सोंड खुपसतो, रक्त ओढतो आणि मिनिटभरात उडतो. गोचिडाचे काम दिवसांचे असते. तो आधी दोन बारीक कात्र्यांनी त्वचा चिरतो, मग त्या चिरेत एक दांडी रोवतो. या दांडीवर मागे वळलेल्या काट्यांच्या रांगा असतात, माशाच्या गळासारख्या. एवढ्यावर न थांबता बऱ्याच जातींचे गोचीड लाळेतून एक चिकट द्रव सोडतात. तो थिजला की दांडीभोवती सिमेंट ओतल्यासारखे होते. लाळेत बधिर करणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्येही असतात, म्हणून चावल्याचे कळत नाही. मग सलग काही दिवस रक्त पिणे चालते.

आता पहिला मुद्दा घ्या. चटका बसला म्हणून पळायला आधी पाय मोकळे हवेत. खुंटा गाडून, वर सिमेंट ओतून बसलेल्याला मनात आले तरी क्षणात सुटता येत नाही. दुसरा मुद्दा श्वासाचा. गोचिडाला नाक नाही. पोटाच्या दोन्ही अंगांना असलेल्या छिद्रांतून त्याचा श्वास चालतो आणि ती छिद्रे तो तासातून मोजक्याच वेळा उघडतो. पाण्यात बुडवलेला गोचीड तासन्‌तास जिवंत राहतो. त्याला खोबरेल तेलाने गुदमरवू पाहणे म्हणजे उपासाची सवय असलेल्याला एका वेळचे जेवण न देऊन धाक घालण्यासारखे आहे.

हा नुसता तर्क नाही, प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातले ग्लेन नीडहॅम यांनी 1985 साली ‘पेडिअॅट्रिक्स’ या बालरोगांच्या नियतकालिकात लोकप्रिय उपायांची परीक्षा प्रसिद्ध केली. पेट्रोलियम जेली, नेलपॉलिश, अल्कोहोल आणि आगपेटीची गरम काडी असे उपाय त्यांनी चिकटलेल्या प्रौढ गोचिडांवर करून पाहिले. एकाही उपायाने गोचीड सुटला नाही. सुटला तो चिमट्याने, कातडीलगत धरून सरळ वर ओढल्यावर. आपल्याकडचा तेल-काडीचा उपाय साता समुद्रांपलीकडेही तसाच प्रचलित होता आणि तिथेही तो तसाच फसला, एवढे यातून कळते.

नुसता फसला असता तरी सोडून देता आले असते. पण डिवचलेला, दाबलेला, भाजलेला गोचीड जखमेत आणखी लाळ सोडण्याची, पोटातले उलटे ओतण्याची शक्यता असते. रोगजंतू असतील तर ते याच वाटेने आत येतात. शिवाय ‘सुटेल, सुटेल’ म्हणून वाट पाहण्यात जे तास जातात, त्या तासांत तो पीतच असतो. आणि भाजलेले कातडे आपले असते.

मग हा उपाय आला कुठून? माझा अंदाज असा की ही सरमिसळ जळवेमुळे झाली असावी. कोयनेच्या किंवा आंबोलीच्या पावसाळी जंगलात पायाला जळू लागते. जळू ओली, मऊ कातडीची, आणि ती धरून असते चोषकाने. मीठ, तंबाखू किंवा चटका लागला की तिचे अंग आक्रसते आणि पकड खरोखर सुटते. दोघेही रक्त पितात, दोघेही जंगलात भेटतात, म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला लागू झाले. पण चोषक आणि गळ यांत फरक आहे. गळाला लागलेला मासा मीठ टाकून सुटत नाही.

तिसरा मुद्दा मुंडके आत राहण्याचा. यात सत्याचा अंश आहे. घाईने हिसका दिला, पिळला, तर तोंडाचा भाग तुटून कातडीत राहू शकतो. राहतो तो मात्र मेंदू-डोळ्यांसकट मुंडके नव्हे, ती काटेरी दांडी. लाळग्रंथी आणि पोट धडाबरोबर निघून गेलेले असतात. तुटलेल्या तुकड्याला विष भिनवायला मागे काही उरत नाही. बाभळीच्या काट्याचे टोक मोडून आत राहिल्यासारखे ते असते. सहज निघाले तर चिमट्याने काढावे, नाहीतर सुईने कोरत बसू नये. कातडी भरून येताना शरीर ते स्वतःच बाहेर टाकते. तेवढी जागा काही दिवस लाल, कडक राहील. पू झाला, लाली पसरू लागली तर डॉक्टर आहेतच.

राहिला आजीचा अनुभव. तो खोटा नाही, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा आहे. मादी गोचीड पोट भरून टपोऱ्या एरंडीच्या बीसारखी झाली की आपणहून गळून पडते; तिला जमिनीत जाऊन दोन-तीन हजार अंडी घालायची असतात. फुगलेल्या गोचिडाला आजीने सकाळी तेल लावले आणि संध्याकाळी तो पडला, तर श्रेय तेलाला मिळाले. आपल्या तर्कशास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसायला आणि फळ पडायला एकच गाठ.

शिवाय अनुभवाचाच दाखला द्यायचा, तर ज्यांचा अनुभव खरा दांडगा आहे त्यांच्याकडे पाहावे. अकोले तालुक्यातल्या डांगी गुरांच्या गोठ्यात संध्याकाळी उभे राहा. गुराखी गायीच्या कानात, कासेपाशी, शेपटीखाली बोटे फिरवतो, गोचीड मुळाशी चिमटीत धरतो, ओढतो आणि शेजारच्या डबड्यात टाकतो. डबड्यात तळाला बोटभर रॉकेल असते. रॉकेलची जागा डबड्यात; कातडीवर ते जात नाही. गाय भाजायची कल्पनाही त्याच्या मनात येत नाही. पारनेर-संगमनेरकडे मेंढ्या चारणाऱ्या धनगरांचे हातही असेच चालतात. म्हणजे ‘ओढू नये’ हा लोकपरंपरेचा नियमच नव्हे. परंपरा ज्यांच्या हातात आहे ते ओढूनच काढतात. त्यांची एकच गोष्ट घेण्यासारखी नाही: उघड्या बोटांची चिमटी. फुगलेला गोचीड बोटांत फुटला तर त्याचे रक्त हाताच्या चिरेतून आत जाऊ शकते. गुजरातेत 2011 साली निदान झालेला क्रायमियन-काँगो हा रक्तस्रावी ताप गोचिडाच्या चाव्यासारखाच गोचीड चिरडल्यानेही होऊ शकतो.

नगर जिल्हा दुधाचा. संकरित गायी पाळणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला ‘गोचीड ताप’ कोणी शिकवावा लागत नाही. थायलेरियाच्या जंतूने गाय कशी खंगते, दूध कसे आटते, हे त्याने पाहिलेले असते. ज्या घराला गोचीड गायीला ताप देतो हे ठाऊक आहे, त्याच घरात पोराच्या मानेवरच्या गोचिडावर उदबत्ती टेकवली जावी, याचे नवल वाटते.

प्रवरा रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगम पावते आणि नेवाशावरून पुढे जाते. त्याच नेवाशात 1290 साली सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात गोचिडाचा दृष्टान्त आहे. कासेला चिकटलेला गोचीड पातळ कातडीच्या पलीकडचे दूध सोडून रक्तच पितो. दृष्टान्त अध्यात्माचा, पण निरीक्षण गोठ्यातले आहे आणि आजही उपयोगाचे आहे: गोचीड पातळ, उबदार, झाकलेली कातडी शोधतो. गायीच्या बाबतीत कास आणि कान. माणसाच्या बाबतीत गुडघ्यामागे, जांघ, काख, बेंबी, कमरपट्ट्याखाली, कानामागे आणि केसांच्या कडेला. तो झाडावरून पडत नाही आणि उडीही मारत नाही. बहुतेक जातींचे गोचीड गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसतात. त्या पायांवरच्या इंद्रियाला आपल्या श्वासाचा, उबेचा सुगावा लागतो आणि पोटरी घासली की ते चढतात.

आता दुसऱ्या टोकाच्या मताचाही समाचार घेतला पाहिजे. काहीजण परदेशी माहिती वाचून सांगतात की चोवीस तासांच्या आत काढला तर धोकाच नाही. हा नियम अमेरिकेतल्या लाइम आजाराचा. त्याच्या जंतूला गोचिडातून माणसात यायला बहुधा दिवसभर लागतो. आपल्याकडे काळजी करायची ती भारतीय गोचीड टायफसची. कुत्र्याच्या अंगावरच्या तपकिरी गोचिडातून पसरणाऱ्या या रिकेट्सियाच्या तापाचे रुग्ण महाराष्ट्रातही नोंदले गेले आहेत, आणि त्याला चोवीस तासांची सवलत लावता येत नाही. सह्याद्रीत दक्षिणेकडे गेलात तर माकडताप आहे: 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला, 2016 पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माणसांचे बळी घेतलेला. तेव्हा घड्याळ पाहत बसू नये; दिसला की काढावा. आणि उलट, एक गोचीड चावला म्हणून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक गिळण्याचेही कारण नाही. बहुतेक चावे खाजून बरे होतात.

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवतो. ऑस्ट्रेलियात काही गोचिडांच्या चाव्याने जीवघेणी अॅलर्जी होते, म्हणून तिथे विशिष्ट फवाऱ्याने गोचीड जागीच गोठवून मारण्याचा सल्ला देतात. पण तो क्षणात मारण्याचा उपाय आहे, गुदमरवून वाट पाहण्याचा नव्हे. तेलाच्या पक्षाला त्यातून आधार मिळत नाही.

तेव्हा सिद्धान्त. राजूरला औषधाच्या दुकानातून बारीक टोकाचा चिमटा घेतला. मित्राला पालथे झोपवले, तेल पुसले, मोबाइलचा उजेड पाडला. चिमट्याची टोके गोचिडाच्या पोटावर न ठेवता पार कातडीला टेकवली आणि तोंडाशी पकडले. मग सरळ वर, सावकाश, एकसारखा ताण. पिळायचे नाही, हिसडायचे नाही. कातडी तंबूसारखी वर आली, तिथेच धरून राहिलो. आठ-दहा सेकंदांनी खट्‌दिशी सुटला. पाय हलवत होता, तोंड शाबूत होते. जागा साबणाने धुतली, जंतुनाशक लावले, हात धुतले. गोचीड सॅनिटायझरच्या बाटलीत टाकला आणि तारीख लिहून ठेवली. चिमटा नसेल तर शिवणाचा दोरा कातडीलगत फास घालून तसाच वर ओढता येतो. तेही नसेल तर रुमाल किंवा प्लास्टिकची पिशवी बोटांना गुंडाळून नखांनी मुळाशी धरावे. तेवढे करूनही निघाला नाही, किंवा पापणीवर, कानाच्या आत असला, तर दवाखाना गाठावा.

पुढचे दोन आठवडे लक्ष ठेवायचे. ताप, सणकून डोके दुखणे, अंगावर आणि विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ, चाव्याच्या जागी काळी खपली, यांतले काही दिसले तर डॉक्टरांकडे जाऊन पहिले वाक्य हेच बोलावे: "मला अमुक तारखेला, अमुक डोंगरावर गोचीड चावला होता." हे न सांगितल्याने ताप डेंगीच्या खात्यावर टाकला जातो आणि दिवस फुकट जातात. वेळेवर ओळखला तर गोचीड टायफस डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त औषधाने बरा होतो.

ट्रेकच्या पिशवीत टॉर्च, पाण्याची बाटली, बँडेज असतेच. त्यात एक बारीक चिमटा टाका, आणि खाली उतरल्यावर चहाच्या आधी एकमेकांचे गुडघे, माना, कानामागची जागा तपासा. आमच्या मित्राला पुढे ताप आला नाही. त्याच्या गुडघ्यामागे आज जो डाग आहे, तो लायटरचा आहे.