बालकाची भूक आणि चिनी वैद्य

मूल जेवेनासें झालें, कीं आपण तत्काळ औषधाकडे धांवतों. चीनमधील जुन्या वैद्यांचा क्रम उलट होता. सातव्या शतकांत सुन सिमियाओ यानें सांगितलें कीं, प्रथम आहारानें उपचार करावा. तो निष्फळ ठरल्यासच औषध द्यावें. अकराव्या शतकांतील च्येन यी हा तिसऱ्या वर्षीं पित्यास अंतरलेला, आतेनें वाढविलेला पोरका मुलगा. पुढें तोच चिनी बालवैद्यकाचा आचार्य झाला. मुलांचा कोठा नाजूक, म्हणून उग्र रेचकांविषयीं तो सावध असे. इ. स. १११९ च्या सुमारास संकलित झालेल्या त्याच्या ग्रंथांत मंदावलेल्या भुकेसाठीं जें चूर्ण आहे, त्यांत संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळलेली साल पडते. घरगुती पथ्य म्हणजे तांदळाची पेज आणि कोनफळाच्या जातीचा कंद. हट्टी अरुचीला आज डॉक्टर हवाच. परंतु बालकाचें पोट चुचकारूनच वश होतें, हें मर्म त्या पोरक्या मुलानें ओळखिलें होतें.