सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी कामगार पक्षाचा ऱ्हास : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
फ्रान्समध्ये 2012 साली राष्ट्राध्यक्षपद जिंकणाऱ्या समाजवादी पक्षाच्या उमेदवारास 2017 मध्ये 6.36 टक्के, तर 2022 मध्ये अवघी 1.75 टक्के मते मिळाली. ओलांद यांच्याच मंत्रिमंडळातील मॅक्रॉन यांनी नवा पक्ष काढून समाजवाद्यांचे अनेक नेते व मतदार आपल्याकडे वळविले. नेते व कार्यक्रम दुसऱ्याने सामावून घेतल्यामुळे पक्ष क्षीण होण्याची ही प्रक्रिया महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवली आहे. शेतकरी कामगार पक्षाच्या संदर्भात सोलापूर जिल्हा हे तिचे बोलके उदाहरण होय.

उदय :
1947 मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव आदींनी काँग्रेसअंतर्गत गट म्हणून स्थापन केलेला हा पक्ष पुढे स्वतंत्र झाला. 1950 च्या दाभाडी प्रबंधाने त्याने मार्क्सवादाचा स्वीकार केला. 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत शंकरराव मोरे सोलापुरातून विजयी झाले. शेतकरी व कामगार यांची एकजूट हे या पक्षाचे सूत्र होते. गिरण्यांचे शहर आणि अवर्षणग्रस्त खेडी असलेल्या या जिल्ह्यात त्यास विशेष अर्थ होता.

ऱ्हासाची कारणे :
पहिला आघात नेतृत्वाच्या गळतीचा होता. 1954 मध्ये जेधे काँग्रेसमध्ये परतले. मोरे यांनीही तोच मार्ग धरला आणि तुळशीदास जाधव पुढे काँग्रेसचे खासदार झाले. दुसरे कारण अधिक खोल आहे. 1955 च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी समाजरचनेचे ध्येय स्वीकारले. त्यानंतर कमाल जमीनधारणा कायदा, सहकारी साखर कारखाने, 1962 पासूनच्या जिल्हा परिषदा आणि रोजगार हमी यांमुळे शेतकऱ्यांच्या पक्षाची भाषा सत्ताधाऱ्यांच्याच मुखी आली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ग्रामीण बहुजन नेतृत्वास काँग्रेसमध्येच सत्तेची वाट खुली झाली. विरोधात राहण्याचे प्रयोजन त्यामुळे उरले नाही. 1978 मध्ये विधानसभेच्या 13 जागा जिंकणारा पक्ष 2019 मध्ये एका जागेवर आला.

सांगोल्याचा अपवाद :
या ओहोटीत सांगोला मात्र टिकून राहिला. गणपतराव देशमुख 1962 मध्ये प्रथम आमदार झाले. 1972 व 1995 चे पराभव पचवून 2014 पर्यंत ते एकूण 11 वेळा निवडून आले. पाण्याचा प्रश्न, शेतकरी सहकारी सूतगिरणी आणि मतदारांशी असलेला नित्य संपर्क हे त्यांच्या यशाचे आधार होते. तथापि ही शक्ती शेजारच्या तालुक्यांत पसरली नाही. 2019 मध्ये ते निवडणुकीपासून दूर राहताच त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख 768 मतांनी पराभूत झाले. 2021 मध्ये गणपतरावांचे निधन झाले. 2024 मध्ये तिरंगी लढतीत दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी ही जागा परत मिळविली. राज्यात पक्षाची ती एकमेव जागा ठरली.

निष्कर्ष :
पक्षाचे प्रश्न सुटले म्हणून पक्ष संपला, असे म्हणता येत नाही. सांगोल्याचे पाणी आणि शेतमालाचा भाव हे विषय आजही निवडणुकीच्या केंद्रस्थानी आहेत. कार्यक्रम इतरांनी उचलला, नेते सत्तेकडे गेले आणि जेथे पक्ष उरला तेथे तो एका व्यक्तीच्या व नंतर एका घराण्याच्या पुण्याईवर उरला. चारित्र्यसंपन्न नेता मतदारसंघ राखू शकतो. विचाराचा वारसा राखण्यासाठी मात्र संघटनाच लागते, हाच या इतिहासाचा बोध होय.