अळंबीची ओळख, तिच्या कामावरून

लिंगझी किंवा रेशी या औषधी अळंबीच्या डबीवर बहुधा एक लॅटिन नाव छापलेले असते: गॅनोडर्मा ल्युसिडम. नाव शास्त्रीय, तेव्हा आतली वस्तूही तीच, असे आपण धरून चालतो. या नावाचा इतिहास पाहिला, की तो विश्वास थोडा डळमळतो.

१७८१ मध्ये विल्यम कर्टिस यांनी लंडन परिसरातल्या एका चकचकीत, जणू रोगण लावलेल्या अळंबीचे वर्णन केले. १८८१ मध्ये फिनलंडच्या कार्स्टेन यांनी तिच्यासाठी गॅनोडर्मा ही प्रजाती स्थापली. पुढे चिनी वैद्यकातल्या लिंगझीलाही, ती तशीच दिसते म्हणून, हेच नाव चिकटले. पण लाकूड कुजवणाऱ्या या अळंब्यांचे रूप भरवशाचे नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, तर पंख्यासारखी पसरणारी हीच अळंबी हरणाच्या शिंगासारखी वाढते.

मग ओळखायचे कशावरून? कामावरून! १९२८ मध्ये जर्मनीत बावेनडाम यांनी बुरशीच्या खाद्यात टॅनिक किंवा गॅलिक आम्ल मिसळले. लाकडातले लिग्निन फोडणाऱ्या बहुतेक बुरशींभोवती तपकिरी कडे उमटले. ही किमया त्यांच्या विकरांची, म्हणजे एन्झाइमांची. यातून गट कळला. जात मात्र कळेना.

१९५५ मध्ये टोरोंटोत ऑलिव्हर स्मिथीज यांनी स्टार्चच्या जेलमधून वीज सोडून प्रथिने वेगळी केली. १९५७ मध्ये हंटर आणि मार्कर्ट यांनी अशा जेलवर हवे तेच विकर रंगवून दाखवले. एकच काम करणाऱ्या विकरांची निरनिराळी रूपे निरनिराळ्या जागी थांबतात आणि पट्ट्यांची नक्षी तयार होते. दिसायला सारख्या बुरशींची नक्षी वेगळी निघाली, तर नाव पुन्हा तपासणे भाग पडते. १९९८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या गॅनोडर्मांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. बुरशीचे वय आणि खाद्य बदलले, की पट्ट्याही बदलू शकतात. म्हणून पुढे डीएनएची साक्ष काढली गेली. २०१२ मध्ये चिनी संशोधकांनी लिंगझीला ‘गॅनोडर्मा लिंगझी’ हे स्वतंत्र नाव दिले. तोवर तिच्यावरचे कितीतरी शोधनिबंध लंडनच्या अळंबीच्या नावाने छापून झाले होते.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. कोकणात फणसाच्या खोडावरचा फणसोंबा उगाळून औषध म्हणून देतात. अभ्यासकांनी तो फेलिनस प्रजातीत घातला आहे; पण याही प्रजातीत एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जाती पुष्कळ. म्हणून मला वाटते, गुण सांगणाऱ्याने नमुनाही जपून ठेवावा. नमुना असेल, तर चुकलेले नाव शंभर वर्षांनीही सुधारता येते. नुसते नाव उरले, तर रोग्याने नेमके काय घेतले होते, हे कोणालाच सांगता येणार नाही.