सीताबर्डीच्या आधीचे आप्पासाहेब

नागपुरात आप्पासाहेब भोसले आठवतात ते सीताबर्डीच्या लढाईमुळे. इंग्रजांशी दोन हात केले, हरले, परागंदा झाले. बास्स! पण हे गृहस्थ गादीवर कसे आले, ते फारसं कुणी सांगत नाही.

२२ मार्च १८१६ ला दुसरे रघूजी वारले. वारस मुलगा परसोजी; आंधळे आणि शरीराने अधू. कारभार दुसऱ्यानेच पाहायचा होता. चुलतभाऊ आप्पासाहेबांना तो हवा होता, आणि राणी बाकाबाई, धर्माजी भोसले ही मंडळी आडवी येत होती. मग काय, २७ मे १८१६ ला आप्पासाहेबांनी इंग्रजांशी गुपचूप तैनाती फौजेचा करार केला. रघूजींनी मरेपर्यंत जे टाळलं, ते पुतण्याने दोन महिन्यांत करून टाकलं. खुर्चीसाठी अख्ख्या सिस्टीमचा रूट पासवर्डच देऊन टाकला म्हणा ना.

१ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी अंथरुणात मृत सापडले. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला! कुजबुज झालीच असणार. पण रेसिडेंट जेन्किन्सने नव्या राजाला मान्यता दिली. आपला माणूस गादीवर बसतोय म्हटल्यावर कोण कशाला खोदत बसतो?

पुढे नोव्हेंबरात पेशवा इंग्रजांवर उठला. आप्पासाहेबांनी त्याच्याकडून सेनापतीची वस्त्रं उघड दरबारात स्वीकारली आणि २६-२७ नोव्हेंबरला सीताबर्डीवर लढाई पेटली. अरबांनी २७ ला सकाळी धाकटी टेकडी घेतलीसुद्धा, पण ती टिकली नाही. हरल्यावर आप्पासाहेबांचा जेन्किन्सला निरोप काय, तर फौजेने माझ्या हुकमाशिवाय हल्ला केला! (हे वाचून मला अरबांचीच जास्त दया आली.)

मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबांना अटक झाली, आणि परसोजींचा गळा घोटल्याचे पुरावे नेमके तेव्हा बाहेर आले. वर्षभर कुठे होते ते? म्हणून आप्पासाहेब निर्दोष ठरतात असं मला वाटत नाही. त्या मृत्यूचा फायदा त्यांनाच झाला होता. पण इंग्रजांचा न्यायही त्यांच्या सोयीने जागा झाला, हेही तितकंच खरं.

प्रयागकडे नेताना पहाऱ्यावरच्या शिपायांना फितवून ते निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी आसरा दिला, मग अशीरगड, पंजाब, आणि शेवटी जोधपूर. तिथल्या राजा मानसिंगाने त्यांना इंग्रजांच्या हवाली करायला नकार दिला. १८४० मध्ये ते तिथेच वारले. नागपूर पुन्हा दिसलं नाही.